शॉनचा डावा गुडघा

१२ जानेवारी २०२५, रविवार

हरलो. पुन्हा शेवटच्या मिनिटाला! मुलुंड रोव्हर्स १, आम्ही ०. कॉर्नर आला, आमचे सहा जण गोलसमोर उभे, आणि हेडर मारला त्यांच्या सगळ्यात बुटक्या पोराने. आमचे सहा जण बघत राहिले — बसस्टॉपवर उभे असल्यासारखे.

नाताळला आम्ही टेबलात पहिले होतो. पहिले! मिठागर स्पोर्ट्स, विक्रोळी — जन्मात कधी दुसऱ्या डिव्हिजनच्या वर न गेलेला क्लब. पार्कसाइटच्या चढावर भाजीवाले थांबवून विचारायचे, "कोच, यंदा नक्की ना?" आता सलग तिसरा पराभव. आम्ही तिसरे. वर जाणार फक्त पहिले दोन.

मॅच संपल्यावर क्लबचे अध्यक्ष नंदकिशोरशेठ सरळ गाडीत जाऊन बसले. हात मिळवला नाही. पोरं मान खाली घालून मोजे काढत होती. माझा असिस्टंट अल्फान्सो एकटा मैदानात बॉल गोळा करत होता. पिशवी खांद्यावर टाकून माझ्याजवळ आला.

"अंब्या, सहा जण होते रे."

"माहितीये."

"नाय, मी मोजले म्हणून सांगतो."

हसू आलं. आज दिवसभरात तेवढंच.

१३ जानेवारी

शाळेत पीटीच्या तासाला सातवीतला एक जण म्हणाला, "सर, तुमची टीम हरली ना?" त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. नंतर वाईट वाटलं. खरंच विचारलं होतं त्याने.

१९ जानेवारी, रविवार

२-२. दोन वेळा मागे पडलो, दोन्ही वेळा शॉनने बरोबरी करून दिली. दुसरा गोल तर काय सांगू! पाठमोरा होता, बॉल छातीवर घेतला, वळला आणि डाव्या पायाने — झालं. कीपर जागचा हलला नाही.

हा डावा पाय बापाचाच, अल्फान्सोचा. विक्रोळीच्या कारखान्यात आम्ही दोघं एका शिफ्टला होतो आणि कंपनीच्या टीममध्येही. मी मधे, तो लेफ्ट विंगला. मी बॉल न बघता टाकायचो, तो तिथे असायचाच. नंतर कंपनीची टीम गेली, मी घाटकोपरच्या शाळेत खेळाचा मास्तर झालो, पण आमची जोडी काही तुटली नाही. मी कोच झालो तसा तो माझा असिस्टंट झाला. आणि त्याच्या पोराच्या पायात पहिले बूट मी घातले. मोठे होत होते, पुढे कापूस कोंबला होता. कांजूरगावात त्यांच्या चर्चच्या आवारात तो पडत-धडपडत पळत सुटला आणि अल्फान्सो मला म्हणाला होता, "आजपासून हा तुझा. बिघडला तर तुला धरणार."

आता शॉन चोवीसचा. दिवसभर बाईकवर पार्सलं पोचवतो, संध्याकाळी प्रॅक्टिसला येतो. आमचा कॅप्टन. मे महिन्यात एका बँकेच्या टीमची निवड आहे. लागला तर पर्मनंट नोकरी. त्याची आई, एमिलिया वहिनी, त्यासाठी दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात.

२४ जानेवारी

नंदकिशोरशेठनी ऑफिसात बोलावलं. घाटकोपरला, मेट्रोच्या खालीच. "सर, आधी चहा घ्या." म्हणजे बातमी वाईट.

"मी स्पष्ट बोलतो, सर. वर गेलो तर टीम चालवतो. नाही गेलो तर सिनियर टीम बंद. ग्राउंडची वेळ लहान मुलांच्या अकादमीला देऊन टाकतो. पालक रांग लावून उभे आहेत."

"आणि आमची पोरं?"

"खेळतील की कुठेतरी."

"शेठ, दुसऱ्या डिव्हिजनमधून बंद पडलेल्या टीमची पोरं कोण घेतं?"

त्यांनी फोन उचलून पाहिला, पुन्हा उलटा ठेवला. "मग जिंका ना, सर."

माणूस वाईट नाही. मागच्या वर्षी आमच्या कीपरच्या आईला हॉस्पिटलात खाट यांनीच मिळवून दिली. म्हणून तर शिवीही देता येत नाही.

फक्त अल्फान्सोला सांगितलं. तो दोरीवर जर्सी वाळत घालत होता. "मग जिंकू," म्हणाला. जसं काही दोन कटिंग चहा सांगतोय.

२६ जानेवारी, रविवार

जिंकलो!! २-० . सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारी मॅच. शॉनचा एक, पेनल्टीवर एक. पोरं नाचली. मीही थोडा नाचलो म्हणतात. मला आठवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा जिंकलो, १-०. पुन्हा शॉन. आम्ही दुसरे!

पण येताना रिक्षात रश्मी गप्प. माझी लेक फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर रविवारी टेप आणि बर्फाची पेटी घेऊन बेंचवर असते. मध्येच म्हणाली, "पप्पा, शॉन डाव्या पायावर उतरत नाहीये."

"थकला असेल."

"थकलेला माणूस दोन्ही पायांनी थकतो."

६ फेब्रुवारी

रश्मीनेच तिच्या हॉस्पिटलात एमआरआय करवून घेतला. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट अर्धवट फाटलाय. डॉक्टर म्हणाले, तीन महिने फुटबॉल बंद. नीट व्यायाम केला तर ऑपरेशनशिवाय भरून येईल, मे महिन्यात पळेल. खेळत राहिला तर पूर्ण जाईल, आणि मग सांगता येत नाही.

कँटीनमध्ये बसलो आम्ही तिघं. शॉन चमच्याने रिकामा कप ढवळत होता.

"सर, डॅडींना सांगू नका. ते मला उंबऱ्याबाहेर सोडायचे नाहीत."

"अरे, पण तीनच महिने —"

"तीन महिन्यांनी टीम असेल का? टीमच बंद झाली तर बँकेत जाऊन काय सांगू, कुठे खेळतो मी?"

टीम बंद होणार हे त्याला कसं कळलं कोण जाणे. पोरांना सगळं कळतं.

रश्मी माझ्याकडे बघत होती. कोच म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. बाप म्हणूनही. मी म्हटलं, "एक मॅच आराम कर. मग बघू."

रिक्षात बसल्यावर रश्मीने विचारलं, "मग काय बघणार, पप्पा?"

९ फेब्रुवारी, रविवार

अल्फान्सोला सांगितलं, शॉनची मांडी धरलीये. "पोरगा शेवगा कमी खातो," म्हणाला आणि विषय संपला. त्याच्या जगात सगळ्याला शेवगा हे औषध.

शॉनशिवाय बोरिवलीकडून ०-३. तीन कसले, कीपर होता म्हणून तीन. दुसऱ्या हाफमध्ये मागून आवाज यायला लागले. "खरात, जा, शाळेत पीटी घे!" "कोच बदला रे!" आपलीच माणसं. पार्कसाइटची. त्यातला एक तर माझा विद्यार्थी.

शॉन माझ्या शेजारी बेंचवर होता. शिव्या मला पडत होत्या आणि कानशिलं त्याची लाल होत होती.

घरी कमल म्हणाली, "अहो, जेवून घ्या. तो काय तुमचा संसार आहे का, एवढं मनाला लावून घ्यायला?"

जेवायला बसलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

०-० . वीस मिनिटं उरली. शॉन स्वतःच उठून वॉर्म-अप करायला लागला. मी काही बोललो नाही. रश्मी म्हणाली, "पप्पा." एवढंच. मी चौथ्या रेफ्रीला नंबर सांगितला.

गोल केला त्याने. जिंकलो.

वीस मिनिटांत काय होतंय? — असं लिहिलं खरं. काय होतंय हे डॉक्टरने सांगितलंय मला.

१७ फेब्रुवारी

रश्मी : "मी रविवारी येणार नाही यापुढे."

मी : "बरं."

ती : "तुम्ही अल्फान्सो काकांना सांगणार आहात का?"

मी : "शॉनने नको म्हटलंय."

ती : "शॉनला काय, तो खेळाडू आहे, तो नकोच म्हणणार. तुम्ही कोण आहात, पप्पा?"

दार हळूच लावून घेतलं तिने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२ मार्च, रविवार

शॉन पूर्ण दुसरा हाफ. २-१ ने जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरून माझ्याकडे बघून हसला, दात घट्ट आवळून. तो हसण्याचा चेहरा नव्हता.

बोरिवली पहिली, ती निघून गेली पुढे. दुसरी गुंफा एफसी, जोगेश्वरीची. त्यांचा आमच्यापेक्षा एकच पॉइंट जास्त. शेवटची मॅच सोळा तारखेला, अंधेरीत — त्यांच्याशीच! जिंकलो तर आम्ही वर. नाहीतर ते.

५ मार्च

राखेचा बुधवार. अल्फान्सो चर्चमधून थेट ग्राउंडवर आला, कपाळावर राखेचा क्रूस. पोरांनी कोन लावले, आम्ही दोघं कठड्यावर बसलो.

"अंब्या, शॉनच्या गुडघ्याला काय झालंय रे? एमिलिया म्हणते, रोज बर्फ लावून बसतो. मला म्हणतो मांडी."

समोर शॉन पोरांना ओरडत होता, पळा, पळा. स्वतः उभाच होता.

सांगायची वेळ ती होती. मित्राने सरळ विचारलं होतं, सरळ सांगायचं.

मी म्हटलं, "सूज आहे थोडी. सीझनचा थकवा. एक मॅच राहिली, मग आराम."

"तू बघितलायस ना?"

"बघितलाय."

"मग झालं," म्हणाला आणि उठून कोन सरळ करायला गेला.

१२ मार्च

प्रॅक्टिसनंतर शॉनला बाजूला घेतलं. ठरवून गेलो होतो — रविवारी तू खेळणार नाहीस, विषय बंद. तोंडातून निघालं, "कसं वाटतंय?"

"ठीक आहे, सर."

मला 'ठीक'च ऐकायचं होतं. त्याला माहीत होतं मला काय ऐकायचंय.

१४ मार्च

धुळवड. खाली सगळे रंगलेत. कमलने विचारलं, "बापलेकीचं काय चाललंय? ती तुमच्याशी बोलत का नाही?" म्हटलं, परीक्षा जवळ आलीये तिची.

एका खोटेपणाला किती पिल्लं होतात!

१६ मार्च, रविवार

लिहितोय, कारण झोप येणार नाही.

बाराव्या मिनिटाला त्यांचा गोल. मग पस्तिसाव्याला शॉनचा — फ्री किक, भिंतीवरून, खांबाला लागून आत. अल्फान्सो माझ्या गळ्यात पडला. त्याच्या दाढीचे खुंट गालाला टोचले. "अंब्या, जाणार आपण वर! जाणार!"

हाफ टाइमला शॉन टॉयलेटमध्ये जाऊन गुडघ्याला टेप गुंडाळून आला. बापासमोर नको म्हणून. मी दाराबाहेर उभा राहिलो, कोणी आत जाऊ नये म्हणून. हे पण लिहून ठेवतो. मी पहारा दिला.

सत्तराव्या मिनिटाला लांब पास आला. शॉनच्या आसपास कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं! डावा पाय रोवला, उजवीकडे वळला — आणि वरचं अंग वळलं, पाय राहिला तिथेच.

ओरडला नाही. खाली बसला. लहान मूल दमून बसतं तसा. दोन्ही हातांनी गुडघा धरून माझ्याकडे बघायला लागला. बापाकडे नाही, माझ्याकडे.

अल्फान्सो रेफ्रीची परवानगी न घेता धावला. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात चपला, एक चप्पल टच लाइनवरच राहिली. मी हललो नाही. मग बाकीच्या पोरांनी शॉनला उचलून आणलं. बाजूने जाताना तो म्हणाला, "सॉरी, सर."

मला सॉरी म्हणाला!

राहिलेली वीस मिनिटं कशी गेली सांगता येणार नाही. १-१. गुंफावाले एकमेकांवर उड्या मारत होते, त्यांच्या कोचने येऊन हात मिळवला, "चांगले खेळलात." आमची पोरं मैदानात पसरली होती, कोणी आडवं, कोणी गुडघ्यात डोकं घालून. नंदकिशोरशेठ आलेच नव्हते.

अल्फान्सोची चप्पल उचलून पिशवीत टाकली आणि हॉस्पिटलात गेलो.

१७ मार्च

लिगामेंट पूर्ण तुटला. सोबत हाडांमधली कूर्चाही फाटलीये. ऑपरेशन करावंच लागणार. चालेल. पळेलही कदाचित. "स्पर्धेतला फुटबॉल विसरा," डॉक्टर म्हणाले. चांगले होते, घाईत होते. फाइल उघडून अल्फान्सोला म्हणाले, "आम्ही फेब्रुवारीतच सांगितलं होतं ना, खेळायचं नाही म्हणून?"

अल्फान्सो म्हणाला, "कोणाला सांगितलं?"

डॉक्टरने शॉनकडे पाहिलं. शॉनने भिंतीकडे पाहिलं. "डॅडी, मीच म्हटलं होतं, सांगू नका."

"कोणाला म्हटलं होतंस?"

डॉक्टर फाइल मिटून बाहेर गेले. अल्फान्सो वळला.

"अंब्या, तुला माहीत होतं?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं. राखेच्या बुधवारी."

"हो."

"आणि तू म्हणालास बघितलाय."

"हो."

मला वाटलं, मारेल. वाट बघत होतो, मारू दे. त्याने पलंगाच्या कडेची चादर सरळ केली. पोराच्या पायाखालची उशी नीट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "खरात सर, तुम्ही निघा आता."

खरात सर! कारखान्यात पहिल्या दिवशीसुद्धा त्याने मला अंब्याच म्हटलं होतं. नाव विचारलं, अंबादास म्हटलं, तो म्हणाला, एवढं मोठं कशाला, अंब्या.

बाहेर बाकावर एमिलिया वहिनी बसल्या होत्या, हातात माळ. मला वाटलं, त्या काही बोलणार नाहीत. पण बोलल्या. "भाऊ, नोव्हेनात मी तुमचंही नाव घेत होते."

१९ मार्च

नंदकिशोरशेठचा मेसेज. "सर, तुम्ही केलेल्या सेवेबद्दल क्लब आभारी आहे." खाली हात जोडलेले. सिनियर टीम बंद. ग्राउंडवर एक तारखेपासून अकादमी.

मला काहीच वाटलं नाही. दोन महिने याचीच भीती होती, ज्यापायी सगळं केलं, ते झालं — आणि काहीच वाटलं नाही!

कमलला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती ऐकत होती. शेवटी विचारलं, "रश्मीला माहीत होतं?"

"तिने मला सांगितलं होतं, नको म्हणून."

"मग बरं. घरात एक तरी माणूस शहाणं आहे." आणि उठून आत गेली. रडली असावी. नळ चालू होता बराच वेळ.

२३ मार्च

रविवार. कुठेही जायचं नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. कांजूरगावात गेलो. अल्फान्सोची चप्पल होती माझ्याकडे, तेवढं निमित्त. टिनाने दार उघडलं, शॉनची धाकटी बहीण. आधी दार पूर्ण उघडलं सवयीने, मग अर्धं पुढे केलं.

"अंकल, डॅडी झोपलेत."

आतून अल्फान्सोचा खोकला आला. तिला ऐकू आला, मलाही. तिने मान खाली घातली.

चप्पल तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "दुसरी टाकून दिली डॅडींनी."

६ एप्रिल

शॉनने स्वतः फोन केला. ऑपरेशन झालंय, कुबड्यांवर आहे. एमिलिया वहिनी चर्चला गेल्या, डॅडी कामाला, तर या म्हणाला. गेलो. चोरासारखा गेलो त्या घरी, जिथे मी कधी बेल वाजवली नव्हती.

अल्फान्सो एका सोसायटीत वॉचमनच्या ड्युटीला लागलाय म्हणे. फुटबॉलचं नाव काढत नाही. टीव्हीवर मॅच लागली की उठून जातो.

शॉन म्हणाला, "सर, मीच खेळतो म्हटलं होतं. मी डॅडींना सांगितलंय तसं. तुम्ही जबरदस्ती केली नव्हती."

"मी थांबवायला हवं होतं."

"थांबवलं असतं तर मी थांबलो नसतो."

"थांबला असतास रे. मी म्हटलं असतं तर थांबला असतास."

खरं होतं ते. लहानपणापासून मी थांब म्हटलं की थांबायचा, शिट्टीसुद्धा लागायची नाही.

मग हसून म्हणाला, "फ्री किक मात्र झकास होती ना, सर?"

झकास होती. माझ्या टीममधल्या कोणीही मारलेली सगळ्यात सुंदर. तिथे, त्याच्या पलंगाशी मी रडलो. त्यालाच मला पाणी द्यावं लागलं, कुबडी सावरत.

१४ एप्रिल

जयंती. दर वर्षी सकाळी अल्फान्सो यायचा, पांढरा शर्ट घालून. आमच्याबरोबर पुतळ्यापर्यंत चालायचा, हार घालायचा, मग आमच्याकडे जेवायचा. कमलच्या खिरीच्या दोन वाट्या, नाही नाही म्हणत तिसरी.

आज कमलने सवयीने एक ताट जास्त घेतलं. मग उभीच राहिली ते धरून. रश्मीने तिच्या हातातून काढून घेतलं आणि परत मांडणीवर ठेवलं.

मिरवणुकीत टीमची पोरं भेटली. सगळी पाया पडली. एकानेही विचारलं नाही, पुढे काय. कीपर कॉल सेंटरला लागलाय. सेंटर बॅक गावी गेला, हिंगोलीला.

रश्मी आल्यावर माझ्याजवळ बसली. किती दिवसांनी! म्हणाली, "शॉनचे व्यायाम मी करून घेतेय. आठवड्यातून तीनदा जाते. काकाच म्हणाले, ये."

"माझ्याबद्दल काही म्हणतो?"

"नाही, पप्पा."

"काहीच?"

"पप्पा, नका ना विचारू."

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. त्यांच्याकडे गेलो नाही. कोणी बोलावलंही नाही.

२२ एप्रिल

शाळेला आता सुट्टी. ग्राउंडवरून गेलो. अकादमीची पोरं नवी कोरी जर्सी घालून, आया जाळीबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन. नवा कोच शिट्टी फार वाजवतो.

२६ एप्रिल, शनिवार

लीगचा निकाल आला. गुंफा एफसीचा एक डिफेंडर जानेवारीपासून दुसऱ्याच पोराच्या ओळखपत्रावर खेळत होता. कोणीतरी आत्ता तक्रार केली. तो ज्या मॅचमध्ये उतरला त्या सगळ्या रद्द, समोरच्या टीमला ३-० बहाल. सोळा मार्चची पण.

आम्ही दुसरे. आम्ही वर गेलो.

त्या दिवशी शॉनला घरी बसवलं असतं, दहा गोल खाल्ले असते, तरी वर गेलो असतो.

खाली पोरं फटाके लावतायत. नंदकिशोरशेठचा फोन वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. कमल दारात येऊन उभी राहिली. "अल्फान्सो भावजींना कोण सांगणार?"

म्हटलं, "मीच."